डॉक्टर आले की आल्या?

चेन्नईत तयार होणाऱ्या तमिळ मालिकांमध्ये एखादी भूमिका करणारा नट किंवा नटी बदलली, की नव्या कलावंताच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी पडद्यावर तीन शब्द उमटतात: ‘इवरुक्कु बदिल इवर’. मराठीत त्याचा अर्थ ‘यांच्याऐवजी हे’ असा सांगता येतो, पण तसा सांगताना मूळ वाक्यातली एक महत्त्वाची गोष्ट हातातून निसटते. मराठीत ‘हे’ म्हटले की पुरुष आणि ‘ह्या’ म्हटले की स्त्री, हे तिथल्या तिथे ठरून जाते. तमिळमधील ‘इवर’ हे आदरार्थी सर्वनाम मात्र दोघांनाही सारखेच लागू पडते. मधला ‘बदिल’ हा शब्द मराठीतील ‘बदली’चा भाऊबंद आहे, कारण दोन्हींचे मूळ अरबीतील ‘बदल’ या शब्दात आहे. त्यामुळे त्या पाटीतील अदलाबदल मराठी वाचकाला ओळखीची वाटते आणि अनोळखी राहते ती दोन्ही बाजूंच्या माणसांबद्दलची व्याकरणाची तटस्थता. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेचा नायक चोपन्न वर्षांनंतर स्त्रीरूपात येणार, हे १६ जुलै २०१७ रोजी जाहीर झाल्यावर जो वाद उसळला, त्याचा उलगडा करण्यासाठी चेन्नईतील ही तीन शब्दांची पाटी फार उपयोगी पडते.

तमिळ व्याकरणाची घडणच मुळात वेगळी आहे. ‘तोल्काप्पियम’ हा प्राचीन व्याकरणग्रंथ नामांची पहिली वाटणी पुरुष आणि स्त्री अशी करीत नाही. तो आधी ‘उयर्तिणै’, म्हणजे विवेकशील मानलेली माणसे, आणि ‘अह्‌रिणै’, म्हणजे पशू, झाडे व वस्तू, असे दोन वर्ग पाडतो. पहिल्या वर्गात मग एक पुरुष, एक स्त्री आणि अनेक माणसे असे तीन पोटभेद येतात, आणि एखाद्याविषयी आदर दाखवायचा असला की तमिळ भाषा या तिसऱ्या, अनेकवचनी भेदाचा आश्रय घेते. त्या भेदाला लिंग नसल्यामुळे ‘डॉक्टर वंदार’ या वाक्यातून डॉक्टर आल्याचे कळते, पण ते पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीही आदरासाठी अनेकवचनच वापरते, परंतु ती लिंग सोडायला तयार नसते, म्हणून ‘डॉक्टर आले’ आणि ‘डॉक्टर आल्या’ यांतून एकाची निवड वाक्य संपण्यापूर्वी करावीच लागते. तमिळची ही तटस्थता लेखी भाषेत जितकी पूर्ण आहे तितकी ती रोजच्या बोलण्यात नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे, कारण चेन्नईच्या बोलीत पुरुषाला आदराने ‘अवरु’ आणि स्त्रीला ‘अवंगा’ म्हणण्याची प्रथा आहे. व्याकरण दार उघडे ठेवते. त्या दारातून आत जायचे की नाही हे समाज ठरवतो.

मालिकांच्या जगात हे दार सहसा वापरले जात नाही. सन टीव्हीवरील ‘एदिर्नीच्चल’, म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणे, या मालिकेत घरातील स्त्रियांवर हुकूमत गाजवणाऱ्या आदि गुणशेखरन या कर्त्या पुरुषाची भूमिका करणारे जी. मारिमुत्तु यांचे ८ सप्टेंबर २०२३ रोजी अकस्मात निधन झाले, तेव्हा ती भूमिका वेल राममूर्ती यांच्याकडे गेली आणि कथा पुढे चालू राहिली. मारिमुत्तु यांची बोलण्याची ढब घरोघरी पोहोचलेली असल्याने प्रेक्षकांना हळहळ वाटली, पण बदली पुरुषाचीच होणार याविषयी कोणाच्याही मनात शंका येण्याचे कारण नव्हते. कौटुंबिक मालिकेतील पात्र हे आधी एक नाते असते. ते कोणाचा तरी थोरला भाऊ, कोणाचा नवरा, कोणाचा सासरा असते, आणि नात्याचे नाव उच्चारले की लिंग त्यातच बांधलेले असते. दीराची जाऊ होऊ शकत नाही. चेहरा, आवाज आणि अंगकाठी बदलली तरी प्रेक्षक ते सहन करतात, कारण नात्यांची वीण जागच्या जागी राहते.

‘डॉक्टर हू’चा नायक या विणीबाहेरचा आहे. बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू केलेल्या या मालिकेतील डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी असून तो ‘टाइम लॉर्ड’ या दीर्घायुषी जमातीचा आहे. रस्त्यावरून पोलिसांना दूरध्वनी करण्यासाठी ब्रिटनमध्ये पूर्वी उभारलेल्या निळ्या खोपटीसारख्या दिसणाऱ्या, आतून मात्र प्रचंड असलेल्या ‘टार्डिस’ नावाच्या यानातून तो काळ आणि अवकाश दोन्हींमध्ये भटकतो, संकटात सापडलेल्यांच्या मदतीला बुद्धीच्या बळावर धावून जातो आणि आपले खरे नाव कोणाला सांगत नाही. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळू लागली, तेव्हा निर्मात्यांनी एक धाडसी युक्ती योजली: २९ ऑक्टोबर १९६६ रोजी प्रक्षेपित झालेल्या भागाच्या शेवटी थकलेला म्हातारा डॉक्टर जमिनीवर कोसळतो आणि त्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन यांचा चेहरा उमटतो. नटाची बदली ही पडद्यामागची अडचण कथेतलीच घटना बनली. या प्रक्रियेला ‘रीजनरेशन’ हे नाव पुढे १९७४ मध्ये मिळाले. मराठीत तिला कायापालट म्हणणे योग्य ठरेल, कारण परकायाप्रवेशात दुसऱ्याच्या शरीरात शिरावे लागते, तर येथे तोच जीव, त्याच आठवणी घेऊन, स्वतःचेच नवे शरीर धारण करतो.

एकदा ही मुभा घेतल्यावर ते नवे शरीर स्त्रीचे का नसावे, हा प्रश्न उरतोच, आणि तो २०१७ च्या कितीतरी आधी विचारला गेला होता. १९८० मध्ये भूमिका सोडताना टॉम बेकर यांनी आपला वारस पुरुष असेल किंवा स्त्री असेल अशा अर्थाचे विधान करून पत्रकारांना चकित केले होते. मालिकेच्या जनकांपैकी एक असलेल्या सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्ये बीबीसीचे अधिकारी मायकेल ग्रेड यांना पत्र लिहून डॉक्टरचे रूपांतर स्त्रीमध्ये करावे असे सुचवले, आणि ती स्त्री कोणतीही चूक न करणारी, झगमगीत अतिमानवी नायिका नसावी, अशी शहाणी पुस्तीही जोडली. ती सूचना अमलात आली नाही. २००५ मध्ये मालिकेचे पुनरुज्जीवन झाल्यावर कथालेखकांनी हळूहळू जमीन तयार केली: २०११ च्या एका भागात कधी पुरुष तर कधी स्त्री असलेल्या एका टाइम लॉर्डचा ओझरता उल्लेख आला, आणि २०१४ मध्ये डॉक्टरचा जुना वैरी ‘मास्टर’ हा मिशेल गोमेझ यांच्या रूपाने ‘मिसी’ बनून अवतरला. अभिनेत्री जोडी व्हिटेकर यांचे नाव तेरावी डॉक्टर म्हणून जाहीर झाले ते या पार्श्वभूमीवर.

त्या वेळच्या आक्षेपांपैकी अनेक कटुतेने भरलेले होते आणि त्यांत रेंगाळण्यासारखे काही नाही. एक आक्षेप मात्र सौम्य होता आणि म्हणूनच गंभीरपणे घेण्याजोगा आहे. १९८० च्या दशकात डॉक्टरची भूमिका केलेले पीटर डेव्हिसन यांनी अशी खंत व्यक्त केली की, मुलग्यांसमोरचा एक आदर्श यामुळे हरपेल, कारण मारामारीऐवजी बुद्धीने आणि करुणेने जिंकणारे पुरुष नायक आधीच थोडे आहेत. त्यांच्यानंतरचे डॉक्टर कॉलिन बेकर यांनी याला जाहीर विरोध केला. डेव्हिसन यांच्या म्हणण्यातील निरीक्षण खरे आहे, पण त्याखाली एक गृहीतक दडलेले आहे: मुलगा जीवनाचा धडा पुरुषाकडूनच घेऊ शकतो. हे गृहीतक चेन्नईच्या मातीत टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे पाहण्यासाठी मरीना किनाऱ्यावर उभ्या असलेल्या एका वृद्धेच्या पुतळ्याकडे वळावे लागते.

१९६८ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने मरीनावर जे पुतळे उभारले गेले, त्यांत अव्वैयार या कवयित्रीचा पुतळा आहे. ‘अव्वै’ या शब्दाचा अर्थ आई किंवा आदरणीय वृद्धा असा होतो आणि ‘आर’ हा आदरार्थी प्रत्यय आहे; म्हणजे ‘डॉक्टर’प्रमाणेच हेही नाव नसून एक पद आहे. संघम काळातील, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ काव्यात एक अव्वैयार दिसते, जी अदियमान नेडुमान अंजी या सरदाराची स्नेही होती, त्याच्या वतीने शत्रूच्या दरबारी दूत म्हणून गेली, आणि जिला त्याने दीर्घायुष्य देणारा दुर्मीळ आवळा स्वतः न खाता दिला असे सांगतात. त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी, चोळांच्या काळात, दुसरी अव्वैयार दिसते, जिने मुलांसाठी ‘आत्तिचूडि’ आणि ‘कोन्रै वेंदन’ ही छोट्या छोट्या उपदेशवचनांची पुस्तके रचली. अभ्यासकांच्या मते या नावाच्या एकाहून अधिक कवयित्री वेगवेगळ्या काळांत होऊन गेल्या. लोकमानसाने मात्र त्या सर्वांची मिळून एकच अव्वै केली, जी शतकानुशतके काठी टेकत गावोगाव फिरते, राजांना खडे बोल सुनावते आणि भाकरी देणाऱ्या गरिबाला आशीर्वाद देते. दंतकथा आणखी एक पाऊल पुढे जाते: लग्नाची सक्ती टाळण्यासाठी तरुण अव्वैने गणपतीची प्रार्थना केली आणि तिचे तारुण्य त्याच क्षणी वार्धक्यात बदलले. एक नाव, अनेक शरीरे, काळाच्या पलीकडचे आयुष्य, घरसंसाराबाहेरची भटकंती आणि शस्त्राऐवजी वाणी: ब्रिटिश लेखकांनी १९६३ पासून घडवत नेलेल्या पात्राच्या घडणीतील जवळजवळ प्रत्येक घटक तमिळ परंपरेत एका म्हातारीच्या ठायी आधीपासून एकवटलेला होता. अकारविल्हे रचलेल्या ‘आत्तिचूडि’तूनच तमिळ मुले, मुलगे आणि मुली दोघेही, पिढ्यान्‌पिढ्या मुळाक्षरांबरोबर नीतीचे पहिले धडे गिरवीत आली आहेत. स्त्रीला गुरुस्थानी मानल्याने त्यांच्यातील कोणा मुलग्याचा आदर्श हरपला, असे कोणी म्हणालेले नाही.

रंगभूमीवर या अव्वैचा प्रवास आणखी विलक्षण झाला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ नाटके मुख्यतः ‘बॉइज कंपनी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्या करीत, ज्यांत लहान मुलगे शिकत-शिकत वाढत आणि स्त्रीपात्रेही तेच वठवत. मराठी रंगभूमीवर ज्याला ‘स्त्रीपार्टी’ नट म्हटले जाई, त्याला तमिळमध्ये ‘स्त्रीपार्ट’ हाच शब्द होता आणि राजाची भूमिका करणारा ‘राजपार्ट’ म्हणवला जाई. शब्दांचे हे साम्य केवळ योगायोगाने आलेले नाही, कारण एकोणिसाव्या शतकात मराठी नाटकमंडळ्यांचे दौरे तंजावरपर्यंत जात आणि त्यांच्या प्रभावातून तमिळ व्यावसायिक रंगभूमीला आकार आला. शंकरदास स्वामिगळ यांच्या तालमीत वाढलेल्या टी. के. एस. बंधूंपैकी टी. के. षण्मुगम यांनी पुढे प्रौढ वयात ‘अव्वैयार’ नाटकात वृद्ध कवयित्रीची भूमिका अशी काही केली, की ते ‘अव्वै षण्मुगम’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. चेन्नईच्या रायपेट्टा भागातील जुना लॉइड्स रोड त्यांच्या नावाने ‘अव्वै षण्मुगम सालै’ झाला. एका पुरुषाला स्त्रीच्या भूमिकेसाठी महानगराने दिलेला हा मान भारतात अपूर्व म्हणावा असा आहे, आणि बालगंधर्वांवर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला त्याचे मोल सांगण्याची गरज नाही. १९५३ मध्ये जेमिनी स्टुडिओने ‘अव्वैयार’ चित्रपट काढला, तेव्हा ती भूमिका के. बी. सुंदरांबाळ यांच्याकडे आली. पुरुषाकडून स्त्रीकडे अशी ही बदली झाली, आणि तमिळ प्रेक्षकांनी दोन्ही अव्वैंना आपले मानले. षण्मुगम यांच्याच नाटकमंडळीत लहानपणी घडलेले कमल हासन यांनी १९९६ मध्ये स्त्रीवेषातील नायकाच्या चित्रपटाला ‘अव्वै षण्मुगी’ हे नाव देऊन त्यांचे ऋण मान्य केले. मराठी प्रेक्षकांना परिचित असलेला ‘चाची ४२०’ हा त्याचाच हिंदी अवतार.

सुंदरांबाळ यांची गोष्ट उलट दिशेनेही घडलेली आहे. १९३५ च्या ‘भक्त नंदनार’ या चित्रपटात त्यांनी नंदनार या दलित शिवभक्ताची, म्हणजे पुरुषाची, मुख्य भूमिका केली आणि त्यासाठी त्या काळी अचंबित करणारे एक लाख रुपये मानधन घेतले. १९४१ च्या तमिळ ‘सावित्री’ चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. त्याच चित्रपटातील सावित्री होत्या मराठी अभिनेत्री शांता आपटे, ज्यांनी या भूमिकेसाठी तमिळ शिकून घेतली होती. या उदाहरणांवरून एक फरक स्पष्ट करता येतो, जो २०१७ च्या वादात फारसा कोणी केला नाही. सुंदरांबाळ नंदनार झाल्या तरी नंदनार पुरुषच राहिले, जसे बालगंधर्व सिंधू झाले तरी सिंधू स्त्रीच राहिली. तेथे नटाचे लिंग आणि पात्राचे लिंग वेगळे होते, पण पात्राला धक्का लागला नव्हता. एदिर्नीच्चलमध्ये नट बदलला, पात्र तसेच राहिले. व्हिटेकर यांच्या बाबतीत मात्र नट आणि पात्राचे लिंग ही दोन्ही एकाच वेळी बदलली, आणि तरीही पात्र तेच असल्याचा दावा कायम राहिला. प्रेक्षकाला अवघड गेले ते हे तिसरे पाऊल.

पद तेच ठेवून व्यक्ती बदलते तेव्हा भाषा काय करते, याचा एक नमुना अव्वै षण्मुगम सालैवरच सापडतो, कारण अण्णा द्रमुक पक्षाचे मुख्यालय त्या रस्त्यावर आहे. या पक्षाचे संस्थापक, चित्रपटनायक एम. जी. रामचंद्रन यांना ‘पुरच्ची तलैवर’, म्हणजे क्रांतिकारी नेता, ही पदवी होती. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर वारसाहक्काचा संघर्ष होऊन पक्ष अखेर त्यांच्या अनेक चित्रपटांची नायिका असलेल्या जयललिता यांच्याकडे आला, आणि त्यांना ‘पुरच्ची तलैवी’ म्हटले जाऊ लागले. ‘तलैवर’ हा आदरार्थी शब्द व्याकरणाच्या दृष्टीने स्त्रीलाही चालला असता. तरीही अनुयायांनी ‘ई’कारान्त स्त्रीलिंगी रूप घडवले, आणि पुढे तर त्यांना ‘अम्मा’ या नात्याच्या नावानेच हाक मारली. स्त्री नायकाच्या जागी आली खरी, पण समाजाने तिला तेथे बसवताना आई म्हणून बसवले. सत्ता पदातून मिळते आणि जिव्हाळा नात्यातून, या दोन्हींची सांगड घातल्याशिवाय स्त्रीनेतृत्व पचत नाही, हे दक्षिणेत दिसते तसे उत्तरेतही दिसते. मराठीत याच्या उलट एक सुंदर गोष्ट घडली आहे: विठ्ठल आणि ज्ञानेश्वर या दोन पुरुषांना वारकऱ्यांनी ‘माउली’ केले, आणि आळंदीहून पालखी निघते तेव्हा कोणालाही व्याकरण अडत नाही. आदर आणि माया पुरेशी उत्कट असली, की लिंगाची चौकट भाषा आपण होऊन ओलांडते.

‘डॉक्टर’ ही पदवीसुद्धा स्त्रियांना सहज मिळालेली नाही, आणि या इतिहासात चेन्नईचे स्थान मोठे आहे. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये मेरी शार्लीब यांच्यासह चार स्त्रियांना प्रवेश दिला, तेव्हा ब्रिटनमधील वैद्यकीय शिक्षणाची दारे स्त्रियांना जवळजवळ बंदच होती. याच महाविद्यालयातून १९१२ मध्ये मुत्तुलक्ष्मी रेड्डी पदवीधर झाल्या आणि त्यांनी पुढे विधिमंडळापासून अड्यारच्या कर्करोग संस्थेपर्यंत कामाचा डोंगर उभा केला. महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी यांना १८८६ मध्ये ही पदवी घेण्यासाठी फिलाडेल्फिया गाठावे लागले. तरीही मराठीत ‘डॉक्टरीणबाई’ या शब्दाने स्वतः वैद्यक करणारी स्त्री आणि डॉक्टरांची पत्नी या दोघींचा बोध अनेक वर्षे होत राहिला. ज्या शब्दात पदवी आणि सौभाग्य यांचा भेद करता येत नाही, त्या शब्दाची जागा हळूहळू साध्या ‘डॉक्टर’ने घेतली, हे चांगलेच झाले. मालिकेतील नायकाचे नाव ‘डॉक्टर’ असणे ही लेखकांची सोय होती. पण अर्धशतकानंतर त्या नावानेच मार्ग मोकळा केला, कारण १९६३ च्या पहिल्या भागात नात सुझन ज्याला आजोबा म्हणून हाक मारते त्याचे आजीत रूपांतर करणे जितके जड गेले असते, तितके डॉक्टरचे डॉक्टरमध्ये रूपांतर करणे जड नव्हते.

नायकाच्या जागी स्त्री येण्याचा हा विषय तमिळ विज्ञानकथेने आपल्या पद्धतीने हाताळला आहे. आधुनिक तमिळ विज्ञानकथेचे सर्वांत लोकप्रिय लेखक ‘सुजाता’ हे प्रत्यक्षात एस. रंगराजन नावाचे अभियंते होते. त्याच नावाचा दुसरा लेखक आधीच प्रसिद्ध असल्याने त्यांनी पत्नीचे नाव लेखनासाठी घेतले आणि आयुष्यभर वापरले. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदानयंत्राच्या घडणीत वाटा असलेल्या या लेखकाने १९८० च्या दशकात ‘आनंद विकटन’मध्ये ‘एन इनिय इयंदिरा’ ही कादंबरी क्रमशः लिहिली, जी पुढे दूरदर्शनवर मालिकारूपात आली. हुकूमशाहीत जगणारी निला ही तरुणी तिची मुख्य व्यक्तिरेखा आहे, आणि जीनो नावाचा यांत्रिक कुत्रा तिचा बुद्धिमान सोबती. म्हणजे तमिळ वाचकाला विज्ञानकथेच्या केंद्रस्थानी स्त्री पाहण्याची सवय चाळीस वर्षांपूर्वीच लागली होती. याच सुजातांच्या सहभागाने शंकर यांच्या ‘एंदिरन’ची आखणी सुरू झाली, तेव्हा यंत्रमानवाच्या भूमिकेसाठी आधी कमल हासन, नंतर शाहरुख खान आणि अखेर मूळचे मराठीभाषक रजनीकांत अशी नावे पुढे येत गेली; २०१० मध्ये चित्रपट झळकला तेव्हा सुजाता हयात नव्हते. यंत्राला लिंग नसते, तमिळ व्याकरणानुसार तर ते माणसांच्या वर्गातही बसत नाही, आणि तरीही चर्चेत आलेली नावे सर्व महानायकांचीच होती. २९ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याचा पुढचा भाग ‘२.०’ आला, त्यात स्त्रीरूपातील यंत्रमानव आहे आणि तिचेही नाव निला आहे. परंतु ते नाव छान, हुशार आणि गोड मदतनीस अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बनवलेले आहे. कादंबरीतील निला बंडाच्या केंद्रस्थानी होती, चित्रपटातील निला शास्त्रज्ञाच्या दिमतीला आहे. ब्रिटनमध्ये व्हिटेकर यांचा पहिला हंगाम दर रविवारी चालू असतानाच हे घडत होते, आणि तमिळ विज्ञानकथेवर प्रेम करणाऱ्याला ही पीछेहाट बोचल्याशिवाय राहत नाही.

व्हिटेकर यांच्या वाट्यालाही सर्व काही सुरळीत आले नाही. ७ ऑक्टोबर २०१८ रोजी दाखवलेला त्यांचा पहिला पूर्ण भाग ब्रिटनमध्ये सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला, त्यावरून स्त्री डॉक्टर म्हणजे प्रेक्षकांची पाठ, हे भाकीत खोटे ठरले. नाव जाहीर झाल्यानंतर तीनच दिवसांनी बीबीसीने आपल्या मोठ्या मानधनाच्या कलावंतांची यादी प्रसिद्ध केली आणि स्त्री-पुरुषांच्या मोबदल्यातील दरी उघडी पडली. त्या गदारोळात नव्या डॉक्टरला आधीच्या पीटर कपाल्डी यांच्याइतकेच मानधन मिळेल असे बीबीसीला जाहीरपणे सांगावे लागले, हा या बदलाचा कदाचित सर्वांत मोजता येण्याजोगा लाभ म्हणता येईल. लेखकांच्या खोलीतही बदल झाला: मालिकेच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनऊत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी केले होते आणि निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही तरुण स्त्री होती, तरी पुनरुज्जीवनानंतरच्या काळात गोऱ्या नसलेल्या लेखकांना कथा लिहिण्याची संधी २०१८ मध्ये प्रथमच मिळाली, आणि त्यांपैकी विनय पटेल यांनी १९४७ च्या फाळणीतील पंजाबवर एक मनस्वी भाग लिहिला. पुढच्या हंगामांत मात्र प्रेक्षकसंख्या घटत गेली. त्याचे खापर नायिकेवर फोडणे अन्यायाचे आहे. न्यूमन यांनी १९८६ मध्ये मागितलेली, चुका करणारी आणि त्यांतून शिकणारी स्त्री लेखकांनी पुरेशा धिटाईने रंगवली नाही, आणि तीन सहप्रवाशांच्या गर्दीत डॉक्टरला स्वतःचे अंतरंग उघडायला जागा कमी उरली. २०२० मध्ये जो मार्टिन यांनी साकारलेली आणखी एक, विस्मृतीत गेलेली डॉक्टर अचानक समोर आली, तेव्हा थोड्याच प्रसंगांत तिने जो दरारा निर्माण केला, त्यावरून लेखणी मोकळी सुटली की काय होऊ शकते याची कल्पना येते. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी व्हिटेकर यांचा निरोपाचा भाग झाला आणि कायापालटानंतर पडद्यावर पुन्हा डेव्हिड टेनंट हा ओळखीचा पुरुष चेहरा आला.

भाषांतर करणाऱ्यांना मात्र या मालिकेत एक जागा कायम खिळवून ठेवील. व्हिटेकर यांच्या पहिल्या पूर्ण भागात नवी डॉक्टर आगगाडीच्या छतातून खाली पडते आणि आपले शरीर बदलले आहे हे तिच्या अजून ध्यानात आलेले नसते; यास्मिन नावाची तरुण पोलीस तिला ‘मॅडम’ म्हणते तेव्हा ती कारण विचारते, ती स्त्री असल्यामुळे, असे उत्तर मिळते, आणि हे आपल्याला शोभते का, असे ती कुतूहलाने विचारते, कारण अर्ध्या तासापूर्वी ती पांढऱ्या केसांचा स्कॉटिश पुरुष होती. हा प्रसंग तमिळमध्ये आणताना अडचण येत नाही, कारण ‘नान विऴुंदेन’, म्हणजे पडण्याची कबुली, पुरुषाच्या आणि स्त्रीच्या तोंडी सारखीच असते. मराठीत मात्र पडल्या क्षणापासून डॉक्टरला ‘मी पडलो’ म्हणावे लागेल, यास्मिनचे उत्तर कानांवर पडेपर्यंत तिची सर्व क्रियापदे पुल्लिंगी राहतील, आणि मग एखाद्या वाक्याच्या मध्यावर, थोडेसे अडखळून, ती पहिल्यांदा ‘मी आले’ म्हणेल.